तहाच्या अलीकडे: ब्रिटन आणि फ्रान्स यांचे लष्करी सामंजस्य, १९०४–१९१४

राष्ट्राराष्ट्रांमधील संरक्षणसंबंधांचा इतिहास बहुधा तहांच्या आधारे लिहिला जातो, कारण तहाला तारीख असते, सह्या असतात आणि तो कोणत्या प्रसंगी लागू होईल हे त्याच्या कलमांत नमूद केलेले असते. परंतु विसाव्या शतकात लाखो माणसांच्या जगण्यामरण्याचा निर्णय ज्या व्यवस्थांनी केला, त्यांपैकी काही अशा कोणत्याही कलमांत बांधलेल्या नव्हत्या. १९०४ ते १९१४ या दहा वर्षांत ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात आकाराला आलेले सामंजस्य हे त्याचे ठळक उदाहरण होय. ब्रिटिश सैन्य कोणत्या फ्रेंच बंदरात उतरेल आणि कोणत्या लोहमार्गाने कुठे पोहोचेल हे दोन्ही देशांच्या सेनाधिकाऱ्यांनी ठरवले होते, दोन्ही आरमारांनी आपली जहाजे एकमेकांच्या भरवशावर हलवली होती, आणि तरीही आपण कोणत्याही वचनाने बांधलेले नाही असे ब्रिटिश सरकार अखेरपर्यंत सांगू शकत होते. शब्दांपुरते पाहिले तर ते विधान खरेच होते. ते खरे राहावे म्हणून विलक्षण काळजी घेण्यात आली होती, आणि ती का घ्यावी लागली याचा शोध घेतला म्हणजे औपचारिक युत्या हाताशी असतानाही राज्ये अनौपचारिक सुरक्षा-भागीदाऱ्या का उभारतात, हे पुष्कळसे उलगडते.

औपचारिक युती म्हणजे ठरावीक प्रसंग उद्भवल्यास एकमेकांना लष्करी साहाय्य करण्याचे लेखी बंधन. ज्या प्रसंगी हे बंधन अमलात येते त्याला आंतरराष्ट्रीय कायद्यात ‘कॅसस फेडरिस’, म्हणजे करार लागू होण्याचा प्रसंग, असे म्हणतात. ऑगस्ट १८९२ मध्ये फ्रान्स आणि रशिया यांच्या वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांनी सह्या केलेला आणि १८९४ च्या आरंभी पक्का झालेला लष्करी करार हा याचा नमुना होता. जर्मनीने, किंवा जर्मनीच्या पाठिंब्याने इटलीने, फ्रान्सवर हल्ला केल्यास रशियाने आपले उपलब्ध सर्व सैन्य जर्मनीविरुद्ध वापरावे, फ्रान्सने अशा युद्धात १३ लाख आणि रशियाने ७ ते ८ लाख सैनिक उतरवावेत, आणि जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी व इटली यांची १८८२ मधील त्रिराष्ट्र युती जोपर्यंत टिकेल तोपर्यंत हा करारही टिकावा, इतक्या बारकाईने त्यात सारे लिहिलेले होते.

असा काटेकोरपणा दोन्ही बाजूंनी चालतो. जे लिहिले ते बंधनकारक ठरते आणि जे लिहिलेले नाही ते आपोआप वगळले जाते. गोव्याच्या इतिहासात याचे बोलके उदाहरण आहे. इंग्लंड आणि पोर्तुगाल यांची युती १३७३ पासूनची, म्हणजे युरोपातील अत्यंत जुन्या युत्यांपैकी एक. याच संबंधातून १६६१ च्या विवाहकराराने मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सकडे आले. १९४९ मध्ये पोर्तुगाल उत्तर अटलांटिक करार संघटनेचा, म्हणजे नाटोचा, संस्थापक सदस्यही झाला. तथापि डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना गोव्यात शिरली तेव्हा यांपैकी कोणतीही युती पोर्तुगालच्या कामी आली नाही. नाटोच्या सहाव्या कलमाने कराराचे क्षेत्र मुख्यतः युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील अटलांटिक प्रदेश एवढ्यापुरते आखले होते, आणि राष्ट्रकुलातील सहसदस्य असलेल्या भारताविरुद्ध ब्रिटन लढाईत उतरले नाही.

१९०४ मध्ये लंडन आणि पॅरिस यांच्यासमोरची अडचण मात्र याच्या नेमकी उलट होती: त्यांच्या औपचारिक युत्या अपुऱ्या पडण्याऐवजी नको तितक्या प्रभावी ठरण्याची भीती होती. फ्रान्स रशियाशी बांधलेला होता. ब्रिटनने ३० जानेवारी १९०२ रोजी जपानशी युती केली होती आणि तिच्यातील अट अशी होती की, जपान एका शत्रूशी लढत असेल तर ब्रिटनने तटस्थ राहावे, पण दुसरे राष्ट्र त्या शत्रूच्या बाजूने उतरल्यास ब्रिटनने जपानच्या मदतीला जावे. फेब्रुवारी १९०४ मध्ये जपानने पोर्ट आर्थर येथे रशियन आरमारावर हल्ला केला आणि या दोन युत्यांचे दुवे एकमेकांत अडकण्याची शक्यता निर्माण झाली. रशियासाठी फ्रान्स युद्धात उतरला असता तर जपानसाठी ब्रिटनला उतरावे लागले असते, आणि मांचुरियातील भांडणापायी इंग्लिश खाडीच्या दोन काठांवरील देश एकमेकांशी लढले असते. पुढे ऑक्टोबरमध्ये पूर्वेकडे निघालेल्या रशियन आरमाराने उत्तर समुद्रातील डॉगर बँक येथे ब्रिटिश मासेमारी नौकांवर जपानी समजून गोळीबार केला, तेव्हा ही भीती काल्पनिक नव्हती हे सर्वांना कळून चुकले.

८ एप्रिल १९०४ रोजी लंडनमध्ये परराष्ट्रमंत्री लॅन्सडाऊन आणि फ्रेंच राजदूत पॉल कांबाँ यांनी सह्या केलेल्या कागदपत्रांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. ‘आंतान्त कॉर्दियाल’, म्हणजे सौहार्दाचे सामंजस्य, या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या व्यवस्थेत युद्धाचा शब्दही नव्हता. इजिप्तमध्ये ब्रिटनला आणि मोरोक्कोत फ्रान्सला मोकळीक, १७१३ च्या उट्रेख्तच्या तहापासून रेंगाळलेल्या न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्यावरील मासेमारीहक्कांचा निकाल, पश्चिम आफ्रिकेतील सीमा, सयाम, मादागास्कर, न्यू हेब्रिडीज: असे वसाहतींचे जुने हिशेब त्यात मिटवले होते, आणि इजिप्त-मोरोक्कोच्या बाबतीत एकमेकांना राजनैतिक पाठिंबा देण्याचे मान्य केले होते. अवघ्या सहा वर्षांपूर्वी, १८९८ मध्ये, सुदानमधील फशोदा येथे हे दोन देश युद्धाच्या उंबरठ्यावर उभे होते हे ध्यानात घेतले तर एवढेही पुष्कळ होते. परंतु या सामंजस्याचे एक काम कागदावर कुठेच नोंदलेले नाही. दोन औपचारिक युत्यांनी दोघांना ज्या दिशेने ओढले असते त्या दिशेला त्याने बांध घातला. अनौपचारिक सामंजस्य युतीला पर्याय म्हणून किंवा तिची कच्ची आवृत्ती म्हणून जन्मते असे सर्रास मानले जाते. इथे मात्र ते आधीच्या युत्यांच्या ओढीला आवर घालण्यासाठी जन्मले.

ब्रिटनने जपानशी तह करावा आणि शेजारच्या फ्रान्सशी करू नये, यात वरवर विसंगती दिसते. तिचे मूळ ब्रिटिश राज्यव्यवस्थेत आणि भूगोलात होते. मे १९०१ मध्ये जर्मनीशी युती करण्याचा प्रस्ताव चर्चेत असताना पंतप्रधान सॉल्झबरी यांनी एका टिपणात असा मुद्दा मांडला होता की, मतदारांना मान्य नसलेल्या कारणासाठी युद्ध पुकारण्याचे वचन कोणतेही ब्रिटिश सरकार देऊ शकत नाही, आणि त्या वेळचा मतदार काय म्हणेल हे आधी सांगता येत नाही. जपानशी केलेल्या करारात हा आक्षेप सौम्य होत होता, कारण तेथील प्रसंग पूर्व आशियापुरता मर्यादित होता आणि शत्रूंची संख्या मोजण्याइतकी त्याची व्याख्या सोपी होती. ऑगस्ट १९०५ मध्ये त्या कराराचे नूतनीकरण झाले तेव्हा भारताच्या सीमेचे संरक्षणही त्याच्या कक्षेत स्पष्ट शब्दांत घेतले गेले. युरोपात अशी व्याख्या करणे अशक्य होते. फ्रान्सवरील हल्ला फ्रान्सने ओढवून घेतलेला आहे की नाही, रशियाच्या भांडणातून तो उद्भवला आहे की काय, हे युद्धाच्या क्षणीच ठरणार होते. ज्या प्रसंगाची व्याख्या करता येत नाही त्याबद्दल तह केला तर तो एकतर इतका सैल होतो की निरुपयोगी ठरावा, किंवा इतका घट्ट होतो की परक्याच्या निर्णयाने आपल्याला युद्धात नेऊन सोडावे.

३१ मार्च १९०५ रोजी जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म मोरोक्कोतील तँजिअर येथे उतरला आणि त्याने तेथील सुलतानाच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली. जूनमध्ये सामंजस्याचा फ्रेंच शिल्पकार देल्कासे याला परराष्ट्रमंत्रिपद सोडावे लागले. हिवाळ्यात लंडनमध्ये सत्तांतर होऊन कॅम्बेल-बॅनरमन यांचे उदारमतवादी मंत्रिमंडळ आले आणि सर एडवर्ड ग्रे परराष्ट्रमंत्री झाले. याच सुमारास ‘टाइम्स’चे लष्करी वार्ताहर, माजी कर्नल रेपिंग्टन, आणि लंडनमधील फ्रेंच लष्करी सहचारी मेजर ह्युगे यांच्यात बोलणी सुरू झाली. एका वृत्तपत्राच्या वार्ताहरामार्फत दोन देशांच्या सेनांनी परस्परांचा अंदाज घ्यावा ही गोष्ट चमत्कारिक वाटते, पण तिची सोय उघड आहे: अशा माणसाने काढलेला शब्द कोणत्याही सरकारचा शब्द ठरत नव्हता. जानेवारी १९०६ च्या मध्यापासून ही बोलणी ब्रिटिश लष्करी मोहिमांचे संचालक जनरल ग्रिअरसन यांच्याकडे आली आणि तेव्हापासून ती सरकारच्या संमतीने चालली.

संमती देणारे सरकार म्हणजे कोण, हा इथे कळीचा प्रश्न आहे. १० जानेवारीला कांबाँ यांनी ग्रे यांना सशस्त्र साहाय्याबद्दल विचारले, तेव्हा देशात सार्वत्रिक निवडणूक चालू होती आणि मंत्री आपापल्या मतदारसंघांत विखुरलेले होते. ३१ जानेवारीच्या भेटीत ग्रे यांनी फ्रान्सवर मोरोक्कोवरून हल्ला झाल्यास ब्रिटिश जनमत फ्रान्सच्या बाजूने झुकेल असे आपले मत सांगितले, परंतु वचन दिले नाही. वचन द्यायचे म्हणजे ते मंत्रिमंडळापुढे आणि संसदेपुढे ठेवावे लागेल, असे त्यांनी स्पष्ट केले. सेनाधिकाऱ्यांची बोलणी मात्र चालू राहू दिली गेली आणि ती पंतप्रधान, परराष्ट्रमंत्री, युद्धमंत्री हाल्डेन व आणखी मोजके सहकारी यांनाच ठाऊक होती. पूर्ण मंत्रिमंडळाला त्यांची माहिती मिळाली ती १९११ मध्ये, म्हणजे जवळजवळ सहा वर्षांनी. कॅम्बेल-बॅनरमन यांनी फेब्रुवारी १९०६ मध्येच एका सहकाऱ्याला लिहिले होते की, संयुक्त तयारीवर दिला जाणारा भर आपल्याला रुचत नाही, कारण ती प्रतिष्ठेच्या बंधनाच्या फार जवळ जाते. पुढील आठ वर्षांत जे घडले त्याचे मर्म या वृद्ध पंतप्रधानाने पहिल्याच महिन्यात ओळखले होते, आणि ओळखूनही ते थांबवले नाही.

अनौपचारिक व्यवस्था राज्ये का पत्करतात याची उत्तरे आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासकांनी दिलेली आहेत. चार्ल्स लिप्सन यांनी १९९१ मधील निबंधात वेग, गुप्तता आणि परिस्थितीप्रमाणे बदल करण्याची मुभा ही कारणे सांगितली; त्यापूर्वी १९८४ मध्ये ग्लेन स्नायडर यांनी मित्रराष्ट्रांच्या मनातील दोन परस्परविरोधी भयांचे विवेचन केले. एक भय परित्यागाचे, म्हणजे संकटात मित्र साथ सोडील याचे. दुसरे भय फरफटीचे, म्हणजे मित्राच्या भांडणात आपण नाइलाजाने ओढले जाऊ याचे. पहिले कमी करण्यासाठी वचन द्यावे तर दुसरे वाढते, आणि वचन आखडते घ्यावे तर पहिले बळावते. ही सारी कारणे ब्रिटन-फ्रान्सच्या बाबतीत लागू पडतात. परंतु या प्रकरणाचे कागद वाचताना त्यांहून साधे आणि त्यांहून अस्वस्थ करणारे एक कारण पुन्हा पुन्हा समोर येते: ज्यांना विचारावे लागले असते त्यांना न विचारता पुढे जाण्याची सोय. तहासाठी ज्या मंत्रिमंडळाची आणि ज्या लोकसभागृहाची अनुमती लागली असती, त्यात झारशाहीचा तिरस्कार करणारे आणि युरोपातील सैन्यवादापासून दूर राहू पाहणारे उदारमतवादी व मजूर सदस्य मोठ्या संख्येने होते. बोलण्यांना मात्र कोणाच्याच अनुमतीची गरज पडली नाही.

ऑगस्ट १९१० मध्ये हेन्री विल्सन लष्करी मोहिमांचे संचालक झाले आणि सामंजस्याला वेळापत्रकाचे रूप येऊ लागले. फ्रेंच आणि बेल्जियन सीमाप्रदेश सायकलवरून पालथा घातलेला हा अधिकारी मनाने पुरता फ्रान्सचा होता. १ जुलै १९११ रोजी ‘पँथर’ ही जर्मन युद्धनौका मोरोक्कोतील अगादीर बंदरात आली आणि तीन आठवड्यांच्या आत, २० जुलैला, विल्सन आणि फ्रेंच सेनेचे जनरल द्युबाय यांनी पॅरिसमध्ये एक टिपण तयार केले. सहा पायदळ डिव्हिजन आणि एक घोडदळ डिव्हिजन एवढे ब्रिटिश सैन्य ल आव्र, रुआँ आणि बुलोन्य येथे उतरून फ्रेंच सैन्याच्या डाव्या बगलेकडे कसे जाईल, हे त्यात मांडले होते. या बोलण्यांना अधिकृत स्वरूप नाही आणि त्यांनी दोन्ही सरकारे कोणत्याही प्रकारे बांधली जात नाहीत, हे वाक्यही त्याच टिपणात होते. २३ ऑगस्टला साम्राज्य संरक्षण समितीच्या बैठकीत विल्सन यांनी ही योजना मांडली आणि ती आरमारी खात्याच्या योजनेवर मात करून गेली. या बैठकीला मॉर्ले आणि हार्कोर्ट यांच्यासारख्या युद्धविरोधी मंत्र्यांना बोलावलेच नव्हते. भारताच्या इतिहासात मॉर्ले-मिंटो सुधारणांमुळे ज्यांचे नाव रुजले आहे तेच हे मॉर्ले. त्यांनी नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळात हा विषय काढला, वाद झाला, आणि असा निर्णय झाला की देशाला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे युद्धात गुंतवू शकेल असा कोणताही व्यवहार सेनाधिकाऱ्यांनी करू नये आणि संयुक्त कारवाईसंबंधी बोलणी मंत्रिमंडळाच्या पूर्वसंमतीशिवाय होऊ नयेत. निर्णय कठोर होता. लोहमार्गांची आखणी मात्र पुढे चालूच राहिली.

समुद्रावरील व्यवस्था याहून गहन ठरली, कारण तेथे योजना कागदावरून प्रत्यक्षात उतरल्या. जर्मनीच्या १९१२ च्या आरमारी कायद्याने उत्तर समुद्रातील दबाव वाढला, तेव्हा आरमारमंत्री चर्चिल यांनी भूमध्य समुद्रातील युद्धनौका माल्टाहून मागे, जिब्राल्टरकडे घेतल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रान्सने अटलांटिक किनाऱ्यावरील ब्रेस्ट येथील युद्धनौकांचा ताफा भूमध्य समुद्रावरील तूलाँ येथे नेला. प्रत्येक सरकारने आपापल्या हितासाठी स्वतंत्रपणे हा निर्णय घेतला असे म्हटले गेले, आणि त्यात तथ्यही होते. तथापि परिणाम असा झाला की फ्रान्सचा उत्तरेकडील किनारा ब्रिटिश आरमाराच्या सद्भावावर विसंबून राहिला. चर्चिल यांना हे ठाऊक होते. ऑगस्ट १९१२ मध्ये त्यांनी पंतप्रधान अॅस्क्विथ आणि ग्रे यांना बजावले की, या मार्गाने ब्रिटनवर युतीची बंधने येत आहेत, पण युतीचे लाभ नाहीत आणि युतीत असतो तो शब्दांचा नेमकेपणाही नाही. सामंजस्याची याहून अचूक चिकित्सा नंतरच्या काळातही क्वचितच झाली आहे.

मंत्रिमंडळाचा आग्रह आणि फ्रान्सची चिंता या दोहोंच्या मधून २२ आणि २३ नोव्हेंबर १९१२ रोजी ग्रे आणि कांबाँ यांनी परस्परांना पत्रे लिहिली. तज्ज्ञांमधील सल्लामसलत हे कोणत्याही सरकारला बांधणारे वचन नाही, आरमारांची सध्याची मांडणी युद्धात सहकार्य करण्याच्या वचनावर आधारलेली नाही, असे त्यांत प्रथम नमूद केले होते. त्यानंतर मात्र असे मान्य केले होते की, तिसऱ्या सत्तेकडून अकारण हल्ल्याची गंभीर शंका आल्यास दोघांनी तत्काळ विचारविनिमय करावा, एकत्र कृती करावी का हे ठरवावे, आणि तसे ठरल्यास दोन्ही सेनाप्रमुखांच्या योजना विचारात घ्याव्यात. मंत्रिमंडळाला पत्राचा पूर्वार्ध हवा होता आणि पॅरिसला उत्तरार्ध. दोघांनाही आपापला भाग मिळाला, आणि अशा दस्तऐवजांचे खरे सामर्थ्य याच ठिकाणी असते. तहाच्या मसुद्यात जे मतभेद उघडे पडून बोलणी मोडतात ते इथे शेजारी शेजारी नांदू शकतात.

या संदिग्धतेचा ब्रिटनला लाभ झाला हे मान्य केले पाहिजे. फेब्रुवारी १९१२ मध्ये पॅरिसमधील बैठकीत फ्रेंच सेनाप्रमुख जॉफ्र यांनी युद्धप्रसंगी बेल्जियममधून चढाई करण्याची कल्पना मांडली तेव्हा पंतप्रधान प्वँकारे यांनी ती नाकारली, कारण बेल्जियमची तटस्थता फ्रान्सने आधी मोडली असती तर ब्रिटन हातचे गेले असते. ब्रिटनने लेखी हमी दिली असती तर फ्रान्सने इतका संयम पाळला असता की नाही, याबद्दल शंका घेण्यास जागा आहे. मित्राला अनिश्चिततेत ठेवणे हा त्याला ताब्यात ठेवण्याचा एक मार्ग असतो. त्याच महिन्यात हाल्डेन बर्लिनला जाऊन आले; ती बोलणी फसली, कारण जर्मनीला ब्रिटनच्या तटस्थतेची हमी हवी होती, पण फ्रान्सशी तह झालेला असता तर ती भेटही घडली नसती.

ज्याला धाक वाटावा त्या जर्मनीच्या बाबतीत मात्र हीच संदिग्धता उलटली. तह जाहीर असतो तेव्हा शत्रूला हिशेब मांडता येतो. सामंजस्य पाहून बर्लिनमधील प्रत्येकाने आपल्याला हवा तो हिशेब मांडला. शिवाय गुप्तता होती तरी ती नेमकी नको त्या बाजूची होती. मे १९१४ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाने रशियाशी आरमारी बोलणी करण्यास मान्यता दिली, आणि लंडनच्या रशियन दूतावासातील झीबर्ट नावाच्या सचिवाकडून त्याची कागदपत्रे जर्मन सरकारला मिळत राहिली. ११ जून १९१४ रोजी ग्रे यांनी लोकसभागृहात सांगितले की, सरकारचे किंवा संसदेचे स्वातंत्र्य मर्यादित करील असा कोणताही अप्रकाशित करार अस्तित्वात नाही. अॅस्क्विथ यांनी मार्च १९१३ मध्ये असेच सांगितले होते. शब्द निवडून वापरलेले होते आणि त्यांत असत्य नव्हते. परंतु जे जर्मन परराष्ट्र खात्याला ठाऊक होते ते ब्रिटनच्या निर्वाचित सदस्यांना ठाऊक नव्हते, आणि प्रातिनिधिक राज्यपद्धतीवर श्रद्धा असणाऱ्या कोणालाही ही गोष्ट क्षम्य वाटू नये.

ऑगस्ट १९१४ च्या पहिल्या आठवड्यात औपचारिक आणि अनौपचारिक अशा दोन्ही बंधनांची कसोटी लागली. जर्मनीशी लेखी युतीने बांधलेला इटली तटस्थ राहिला आणि पुढील वर्षी विरुद्ध बाजूने लढला. १८८३ च्या गुप्त तहाने बांधलेला रुमानियाही तटस्थ राहिला. ज्याने काहीच लिहून दिले नव्हते ते ब्रिटन फ्रान्सच्या बाजूने उतरले. १ ऑगस्टला मात्र कांबाँ यांना तशी खात्री नव्हती. आपल्या देशाचा उत्तर किनारा ब्रिटनच्या भरवशावर उघडा टाकला आहे याची त्यांनी लंडनमध्ये आठवण करून दिली. २ ऑगस्टला मंत्रिमंडळाने जर्मन आरमार फ्रेंच किनाऱ्यावर चालून आल्यास त्याला रोखण्याचे आश्वासन दिले. मॉर्ले आणि बर्न्स या मंत्र्यांनी राजीनामे दिले. १९१२ मधील पत्रात नाकारलेले बंधन जहाजांच्या जागांमधून उभे राहिले होते.

तरीही केवळ सामंजस्याने ब्रिटन युद्धात गेले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मंत्रिमंडळातील बहुसंख्याकांना आणि जनतेला वळवले ते बेल्जियमवरील आक्रमणाने, आणि बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या लंडन तहात, म्हणजे पूर्णपणे औपचारिक दस्तऐवजात, होती. युद्धाचे समर्थन तहाने पुरवले आणि युद्धाची रीत बोलण्यांनी ठरवली. ५ ऑगस्टला युद्धमंडळाची बैठक भरली तेव्हा सैन्य बेल्जियममधील अँटवर्पला न्यावे का, हा विचार पुढे आला. पण आठ वर्षांच्या आखणीतून हाती असलेली तपशीलवार योजना एकच होती आणि ती फ्रेंच सैन्याच्या डाव्या बगलेकडे जात होती. चार डिव्हिजन आणि घोडदळ आधी रवाना झाले आणि २३ ऑगस्टला माँस येथे त्यांची जर्मन सेनेशी गाठ पडली. ३ ऑगस्टला ग्रे यांनी सभागृहात १९१२ चे पत्र वाचून दाखवले, तेव्हा सेनाप्रमुखांच्या योजना विचारात घेण्याबद्दलचे अखेरचे वाक्य त्यांनी वाचले नाही. ते अनवधानाने राहिले की हेतूने, यावर इतिहासकारांत दुमत आहे. इतके निश्चित की, सभागृहाला निर्णयासाठी जे सांगायला हवे होते त्यातील सर्वांत अर्थपूर्ण वाक्य तेच होते.

ब्रिटिश संसदेला निदान शेवटच्या दिवशी तरी सांगितले गेले. भारताला विचारण्याची कोणतीच रीत नव्हती. १९०६ ते १९१० या काळात ब्रिटिश परराष्ट्र खात्याचे कायम सचिव असलेले हार्डिंग आता दिल्लीत व्हाइसरॉय होते, आणि सप्टेंबरअखेर लाहोर डिव्हिजनचे सैनिक मार्सेयच्या बंदरात उतरू लागले. महिनाभरात ते ईप्र येथील खंदकांत होते. तुर्कस्तान शत्रूपक्षात येताच पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात उतरली, आणि एप्रिल १९१६ मध्ये कूत येथे शरण जाणाऱ्या तिच्या सैन्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. या पलटणींतील शिपाई ज्या दख्खनच्या आणि कोकणच्या गावांमधून भरती झाले होते, तेथे लंडन-पॅरिसमधील बोलण्यांची वार्ता पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता.

युद्ध संपल्यावर फ्रान्सला अलिखित सामंजस्य पुरेसे वाटेनासे झाले. फ्रेंच पंतप्रधान क्लेमान्सो यांनी ऱ्हाईन नदीवर कायमची लष्करी सीमा मागण्याचा आग्रह सोडला तो ब्रिटन आणि अमेरिका यांच्या लेखी हमीच्या बदल्यात, आणि २८ जून १९१९ रोजी, व्हर्सायच्या तहाच्याच दिवशी, त्या हमीच्या तहांवर सह्या झाल्या. ब्रिटिश हमी अमेरिकेच्या मान्यतेवर अवलंबून ठेवलेली होती. अमेरिकन सिनेटने मान्यता दिली नाही आणि दोन्ही तह निष्प्रभ झाले. १९२५ च्या लोकार्नो करारात ब्रिटनने जी हमी दिली ती फ्रान्स आणि जर्मनी या दोघांच्याही सीमांसाठी सारखीच होती. पॉल कांबाँ १८९८ पासून लंडनमध्ये राजदूत होते. १९२० मध्ये ते निवृत्त होऊन परतले तेव्हा ज्या तहासाठी त्यांनी इतकी वर्षे खटपट केली तो त्यांच्या हाती नव्हता. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात शांततेच्या काळातील परस्पर साहाय्याचा औपचारिक द्विपक्षीय तह झाला तो ४ मार्च १९४७ रोजी डंकर्क येथे, पन्नास वर्षांच्या मुदतीचा आणि जर्मनीच्या संभाव्य आक्रमणाविरुद्ध, ज्या वेळी जर्मनीचे स्वतंत्र सरकारच अस्तित्वात नव्हते.